कोंबडीच्या डोळ्याकडे पाहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता कोंबडीच्या डोळ्यावर बोलायचे म्हटल्यावर मागच्या काही मंडळींनी तंबाखूच्या डब्या काढल्या आहेत. काढा. बायांची बाजू मात्र जागची हललेली नाही, आणि त्याला कारण आहे. कापसाची पट्टी हातात पडते तेव्हा तिच्यावर आधीच कृषी केंद्रवाल्याचे, सोसायटीचे आणि सावकाराचे नाव लिहिलेले असते. ज्वारी घरात खपते. पोराची वही, दवाखान्याची चिठ्ठी, माहेरी जायचे एसटीचे भाडे, हे सगळे निघते अंड्यावर आणि तलंगीवर. एक चांगली गावरान कोंबडी विकली तर निंदणाच्या दीड-दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे होतात, आणि ते कोणाला न विचारता खर्च करता येतात. घरातला असा पैसा दुसरा दाखवा.

गावोगावच्या बैठकांत बाया काय विचारतात ते आम्ही वहीत टिपून ठेवतो. 'मानमोडी आली, खुराडे रिकामे झाले' याच्या खालोखाल प्रश्न येतो तो डोळ्याचा. कोंबडीचा डोळा सुजला, डोळे चिकटले, कोंबड्याने डोळा फोडला, डोळ्यावर फोड आले. आणि उपाय? आंधळी व्हायच्या आत कापून खाल्ली, किंवा शनिवारच्या बाजारात निम्म्या भावात दिली. म्हणजे आपलाही तोटा, आणि रोग असेल तर तो टोपलीत बसून दुसऱ्या गावाला गेला.

आम्ही कृषी पदवीचा अभ्यास केला तेव्हा कोंबडीचा धडा होता. पण तो पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडचा. अंगणातल्या दहा कोंबड्यांची मालकीण त्या पुस्तकात कुठे नव्हती. म्हणून तिच्यासाठी बोलावे लागते.

आधी मोजा

डोळा बिघडलेली कोंबडी दिसली की पहिले काम औषध शोधण्याचे नाही, मोजण्याचे आहे. किती कोंबड्या आणि किती डोळे?

एकाच कोंबडीचा एकच डोळा बिघडला असेल तर बहुधा मार लागला आहे किंवा आत काही गेले आहे. एक-दोन कोंबड्यांचे दोन्ही डोळे हळूहळू चिकटत चालले असतील, आणि घशात घरघर नसेल, तर खाण्यात काही कमी पडते आहे. आणि आठ दिवसांच्या आत निम्म्या खुराड्याचे डोळे पाणावले, तर साथ तरी शिरली आहे, नाही तर खुराड्यातली हवा खराब झाली आहे. हे माप ढोबळ आहे, देवीचा रोग कधीकधी एका डोळ्यापासूनही सुरू होतो. पण हे माप लावले नाही तर काय होते? खाण्यातल्या उणिवेवर इंजेक्शन, काट्याच्या जखमेवर पाण्यातले औषध आणि साथीवर हळद. तिन्हींचे पैसे वाया.

पाहायचे कसे, तेही सांगतो. दिवसा कोंबडीमागे धावू नका. रात्री डालल्यावर ती शांत असते, तेव्हा उचला. जुन्या लुगड्याच्या धडप्यात पंख दाबून गुंडाळा, फक्त मान बाहेर ठेवा. दुसऱ्याने बॅटरी धरावी. उजेड पडला की बाहुली लहान होते का? बुबुळ काचेसारखे स्वच्छ आहे की निळसर पांढरे झाले आहे? पापणीखाली काही अडकले आहे का? मग दुसरा डोळा पाहा, चोच उघडून तोंड पाहा, नाकाचा वास घ्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडीला आपल्यासारख्या दोन पापण्या असतातच, पण आतून एक तिसरी पापणी असते, पातळ पांढुरका पडदा. तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून येतो आणि डोळा पुसून परत जातो. काही जणांना वाटते डोळ्यात फूल पडले, आणि ते फडक्याने नाही तर काडीने तो पडदा ओढायला जातात. तो ओढायचा नाही. डोळ्याला इजा झाली की तो पडदा मुद्दामच पुढे येऊन राहतो.

मार लागलेला डोळा

आपल्याकडे कोंबडीच्या डोळ्याला मार लागायची ठिकाणे ठरलेली आहेत. कुंपणाची बाभूळ-बोरी, अंगणात रचलेली पऱ्हाटी, मळणीच्या वेळचे उडते बोंडे आणि भूस, दुसऱ्या कोंबड्याची चोच, मांजर आणि मुंगूस. खुराड्यात गर्दी असली की कोंबड्या एकमेकींना टोचतात, आणि रक्त दिसले की सगळ्या तिथेच टोचतात. म्हणून पहिला उपचार एकच: त्या कोंबडीला वेगळी डाला. डालीवर पोते टाकून अर्धा अंधार करा, जवळ पाणी आणि दाणा भांड्यात ठेवा. एक डोळा बंद असलेल्या कोंबडीला त्या बाजूचे काहीच दिसत नाही, कारण तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जमिनीवर फेकलेला दाणा तिच्या वाट्याला येत नाही. पुष्कळ कोंबड्या डोळ्याने मरत नाहीत, उपाशी मरतात.

मग धुणे. अर्धा लिटर पाणी खळखळ उकळा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ टाका, झाकून थंड होऊ द्या. हे पाणी त्याच दिवशी वापरायचे, उद्या नवे करायचे. उकळून घेतलेले मऊ सुती फडके त्यात बुडवून चिकटलेली घाण आधी भिजू द्या, मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. मान थोडी बाजूला कलती ठेवा म्हणजे पाणी नाकात जाणार नाही. बारीक काडी किंवा भूस असेल तर धुताना निघून येते. काटा बुबुळात रुतला असेल तर मात्र उपसू नका, तसेच दवाखान्यात न्या.

कापूस पिकवणाऱ्यांना हे सांगायला हवे, की घरचा कापूस डोळ्याला लावू नका. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेण असते, तो पाणी पीत नाही, आणि त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात. मेडिकलमधला कापूस धुऊन मेण काढलेला असतो, तरी डोळ्यासाठी फडकेच बरे.

मलमाचे काय? जनावरांच्या डॉक्टरला विचारून साधे जंतुनाशक डोळ्याचे मलम, दिवसातून दोन-तीन वेळा, तांदळाच्या दाण्याएवढे. घरात पडलेली माणसाच्या डोळ्याची बाटली उघडून टाकायची घाई करू नका. बाजारातल्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, पण बुबुळावर ओरखडा असेल तर जखम चिघळून डोळा जातो. क्लोरॅम्फेनिकॉल नावाचे औषध तर अंडी-मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांत वापरायलाच मनाई आहे. आणि कोणतेही प्रतिजैविक दिले तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरकडून विचारूनच घरी या.

घरगुती उपायांपैकी रुईच्या झाडाचा चीक, तंबाखूची पिंक, चुना आणि रॉकेल, हे चारही डोळ्याजवळ नेऊ नका. रुईच्या चिकाने माणसाचेही बुबुळ पांढरे पडते. पापणीबाहेरच्या कातडीच्या जखमेला हळद चालेल, डोळ्याच्या आत नाही.

उन्हाळ्या-पावसाळ्यात जखमेवर माशी बसते आणि किडे पडतात. त्या वेळी उद्यावर ढकलायचे नाही. चिमट्याने एकेक किडा काढा, मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, कोंबडी माशी बसणार नाही अशा जागी ठेवा.

तीन-चार दिवसांत सूज उतरली, कोंबडी डोळा उघडू लागली, तर निभावले. बुबुळ फुटून आतले पाणी गेले असेल तर तो डोळा येत नाही. जखम सुकू द्यावी. एका डोळ्याची कोंबडी अंडी घालते, खुडूक बसते, पिले काढते. पाणी आणि दाणा रोज त्याच जागी ठेवला की तिचे भागते. दोन्ही डोळे गेलेली कोंबडी ठेवायची की नाही, हे जिची तिने ठरवावे. उपाशी मारू नये एवढेच.

ज्वारीत काय नाही

आता दोन्ही डोळे चिकटण्याचे बोलू. जिरायती शेतकऱ्याने हे नीट ऐकावे.

साधारण फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत हे प्रकार वाढतात. आधी डोळ्यातून पाणी येते, मग पापण्या चिकटतात, आणि पापणी उघडली तर आत पनीरच्या तुकड्यासारखा पांढरा गोळा सापडतो. तोंडात, घशात बारीक पांढरे फोड दिसतात. अंडी कमी होतात. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या उणिवेचे लक्षण आहे. आणि कारण आपल्या कणगीत आहे. पांढऱ्या ज्वारीत 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून तयार होते ते द्रव्य नसल्यासारखेच असते. पिवळ्या मक्यात ते असते, हिरव्या पाल्यात भरपूर असते. पावसाळ्यात कोंबडी बांधावरचा तरोटा, घोळ, कोवळे गवत टिपते, तिला काही कमी पडत नाही. काळजात साठाही होतो. रान वाळले, की तो साठा संपेपर्यंत चालते, आणि मग डोळे बोलायला लागतात. आपण मात्र तिला आणखी मूठभर ज्वारी टाकतो आणि म्हणतो, खायला तर पोटभर आहे!

उपाय स्वस्त आहे. मोरीच्या सांडपाण्यावर वितीभर जागेत तांदुळजा किंवा पोकळा टाका, म्हणजे चैत्र-वैशाखातही पाला मिळेल. दारात एक शेवगा लावा. कोवळा पाला बारीक चिरून रोज टाका. पाला जास्त असेल तेव्हा सावलीत वाळवून ठेवा. उन्हात वाळवला तर त्यातले हेच द्रव्य उडून जाते. बोकड कापला तर काळजाचा छोटा तुकडा बारीक करून आजारी कोंबडीला भरवा, 'अ' जीवनसत्त्व त्यात सर्वांत जास्त. डोळे पुरते चिकटलेल्या कोंबडीला एवढ्यावर थांबता येत नाही. डॉक्टरकडून जीवनसत्त्वाचे थेंब घ्या आणि सांगितले तेवढेच द्या. जास्तीचे 'अ' जीवनसत्त्व अंगात साठून बाधते. आतला पांढरा गोळा मिठाच्या पाण्याने भिजवून हलकेच निघाला तर काढा, खरवडू नका.

एका बैठकीत एका ताईंनी विचारले, पाल्याऐवजी सरकीची ढेप टाकली तर? नको. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. गाय-म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडीला बाधते. तिच्या अंड्याचा बलक ठेवल्यावर हिरवट काळा पडतो, गिऱ्हाईक अंडे फेकून मारेल.

आणि इथे कोंबडीवरून जरा घराकडे वळतो. ज्या घरात कोंबडीला सहा महिने हिरवे मिळत नाही, त्या घरात पोरांच्या ताटात तरी कुठे असते? भाकरी आणि पिठले. संध्याकाळी ठेचकाळणारे पोर खोडकर नसते, त्याला रातांधळेपणा असतो. लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याचा सरकारी कार्यक्रम 1970 सालापासून आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ती द्यायची असते. अंगणवाडीत, उपकेंद्रात विचारा, आणि कार्डावर खूण झाली का ते पाहा. शेवग्याचा पाला कोंबडीसाठी तोडाल तेव्हा चार मुठी चुलीकडेही जाऊ द्या.

सगळ्या खुराड्याचे डोळे

रात्री खुराड्याचे दार उघडले आणि तुमच्याच डोळ्याला झोंबले, तर कोंबडीला रोग शोधायला नको. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, बंद खुराड्यात तो रात्रभर डोळ्यात जातो. कोंबड्या सकाळी डोळे मिटून उजेडाकडे पाठ करून बसतात. ओली घाण काढा, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा अंथरा, वरच्या बाजूला हवेला वाट ठेवा. औषध लागत नाही.

डोळ्यात फेस आणि घशात घरघर असेल तर तो श्वासाचा जुनाट रोग. तोंडाची एक बाजू सुजली, नाकाला घाण वास येतो, थंडीचे दिवस आहेत, तर ते साथीचे पडसे. दोन्ही बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबर घरात येतात. औषधे आहेत, पण डॉक्टरच्या सांगण्याने आणि ठरलेले सगळे दिवस. नवी कोंबडी आणली की पंधरा-वीस दिवस वेगळी डालायची, हा नियम जिने पाळला तिचे निम्मे औषध वाचले. पापणीभोवती न हलणारे काळे ठिपके दिसले तर त्या चिकटून बसलेल्या पिसवा असतात, व्हॅसलीन चोपडा. कपाशीचे औषध लावू नका.

कपाशीच्या औषधाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली, आणि त्यांतल्या कित्येकांची तक्रार डोळ्यांचीच होती. त्याच विषाचे रिकामे डबे कापून आपण कोंबड्यांना पाणी ठेवतो. फवारलेल्या शेतातली मेलेली अळी कोंबडी खाते, औषध लावलेली सांडलेली सरकी टिपते. डोळ्यातून पाणी, चोचीतून लाळ, बाहुली मोहरीएवढी झालेली आणि पाय लटपटत असतील, तर ते डोळ्याचे दुखणे नव्हे, विष आहे. तशी कोंबडी खाऊ नका.

देवीचा रोग डास पसरवतात. तुरा, गलोल आणि पापण्यांवर फोड येऊन खपल्या धरतात, डोळे बंद होतात. याला औषध नाही, तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. तोवर कोंबडी जगवायची हेच काम. ज्वारीच्या पिठाची ओली गोळी चोचीत भरवा, चोच पाण्यात बुडवून पाणी पाजा, डोळे मिठाच्या पाण्याने धुवा. खपल्या ओढू नका. गळालेल्या खपल्यांत रोग महिनोन् महिने जिवंत राहतो, त्या वेचून जाळा.

आणि एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मेल्या, डोकी सुजली, तुरे निळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, विकू नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात आला. लपवून फायदा नाही. भरपाई सरकारने मारलेल्या कोंबडीची मिळते, आधीच मेलेलीची नाही.

लसीची बाटली

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, आणि देवीला लस आहे. पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत कोंबड्यांच्या लसी बनतात. राणीखेतची पहिली लस, लासोटा, पिलू पाच-सात दिवसांचे असताना द्यायची असते, आणि ती जाते कुठून? डोळ्यातूनच, किंवा नाकातून, एक थेंब. सहा ते आठ आठवड्यांवर राणीखेतचीच आर-टू-बी टोचायची, त्याआधी नाही, लहान पिलाला ती झेपत नाही. त्याच सुमारास पंखाच्या पातळ कातडीत देवीची. दोन्ही एका दिवशी उरकू नका, आठ-दहा दिवस मध्ये जाऊ द्या. लस देताना किंवा आजारी कोंबडी हाताळताना आपल्या डोळ्याला हात लावायचा नाही. राणीखेतच्या विषाणूने माणसाचेही डोळे येतात. साबणाने हात धुवून मगच पदराने तोंड पुसा.

मग अडते कुठे? बाटली असते शंभर-दोनशे मात्रांची. एकीच्या घरी कोंबड्या दहा. बाटली फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, बर्फाबाहेर राहिली तर आत नुसते पाणी उरते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? दवाखानेवाला म्हणतो मागणी नाही, बाई म्हणते लस नाही. दोघेही खरे बोलतात, आणि मानमोडी खुराडे साफ करून जाते. इथे एकटीच्या हुशारीचा उपयोग नाही. आळीतल्या दहा-बारा घरांनी एक संध्याकाळ ठरवायची, थर्मासात बर्फ घालून एकीने लस आणायची, कोंबड्या डालल्या की घरोघर फिरून एका दमात बाटली संपवायची. आजारी कोंबडी त्यातून वगळायची. पैशांचा हिशेब कोंबडीमागे लावायचा, घरामागे नाही, म्हणजे दोन कोंबड्यांवाली मागे राहणार नाही.

ज्या गावांना असा दिवस ठरवायचा आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर गावाचे नाव, आळी आणि घरटी कोंबड्यांचा आकडा. पिले वेगळी, तलंगा वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. आकडा अंदाजाचा नको. घरधन्याला विचारून लिहू नका, त्याला तो ठाऊक नसतो. जिच्या कोंबड्या तिलाच विचारा.